एकशे पाच पावलं

गुरुजी, एकशे पाच. आधी आकडा लिहून टाकतो, मग बाकीचं सांगतो. मिनिटाला एकशे पाच पावलं! परवापासून हा आकडा माझ्या कानात डफ वाजवतो आहे. सकाळी चहा दोनदा निवला. सून म्हणाली, "मामाजी, काय झालं जी आज? एकटेच हसून राह्यले," तर तिलाही धड सांगता आलं नाही. कारण ही बातमी खरी द्यायची ती तुम्हाला, आणि तुम्हाला जाऊन तर चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा पेटीतून तुमची कवितांची वही काढली. तुम्ही ती निम्मीच भरली होती. मागची पानं मी साठ वर्षं कोरी ठेवली. त्यांवर काय लिहावं ते सुचलं नाही, किंवा धजलो नाही म्हणा. आज त्यांवरच लिहितो आहे. अक्षर जरा वाकडं येतं आहे. वयानं की आनंदानं ते विचारू नका, पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला दोन्ही एकदमच होतात.

सुरुवात झाली नातीच्या घड्याळापासून. ती चंद्रपूरला नर्सिंग शिकते, सुटीत सिंदेवाहीला आली होती. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहे आणि मी चालतोही, पण घरात कोणाचा विश्वास बसत नाही. म्हणून तिनं आपलं पावलं मोजणारं जुनं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, माझ्या फेऱ्या असतात. आठ दिवसांनी पोरगी मोबाइल घेऊन माझ्यापुढे बसली, कपाळाला आठ्या.

"आबाजी, घड्याळ बिघडलं."

"काऊन?"

"अशी रेघ कोणाचीच नसते. माणूस कधी हळू चालते, कधी जोरात. तुमची पाहा, पट्टीनं ओढल्यासारखी. मिनिटाले एकशे चार, एकशे पाच, एकशे पाच, एकशे सहा. आठही दिवस तेच."

घड्याळ बिघडलेलं नव्हतं, हे तिनंच सिद्ध केलं. आपल्या वर्गातला तो टेलरचा पोरगा आठवतो ना तुम्हाला, अब्बाच्या दुकानातल्या चिंध्यांचा चेंडू घेऊन शाळेत यायचा तो? आता तो स्वतःच म्हातारा टेलर आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मशीनवर त्याचा मुलगा बसतो आणि हा सकाळी पाळीवर माझा जोडीदार. नातीनं आम्हा दोघांची परीक्षा घेतली. मला पाळीच्या या टोकाला उभं केलं, त्याला त्या टोकाला, एकमेकांचे पाय दिसू नयेत इतकं लांब. घड्याळ आधी त्याच्या हातात, मग माझ्या. ती मध्ये उभी राहून तोंडानंही मोजत होती. त्याची पावलं एकशे पाच. माझी एकशे पाच. पोरगी डोळे मोठे करून म्हणाली, "ह्या दोन म्हाताऱ्यायच्या पायात एकच मशीन बसवली का काय?" त्यावर टेलर म्हणतो, "बसवली बेटा. एकाच कारागिरानं बसवली."

मग तिनं ते विचारलं जे आमच्या बायकांनी आयुष्यभरात विचारलं नव्हतं. "चालताना तुमचे ओठ हलतात. दोघायचेही. काय म्हणता तुम्ही?" आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि चोरी पकडल्यासारखे हसलो. गुरुजी, आम्ही दोघंही सहावीतली नदीची कविता म्हणत होतो. त्यानं कधी मला सांगितलं नव्हतं, मीही त्याला नव्हतं.

आपली ती दोन खोल्यांची कौलारू शाळा मी आत्ताही समोर बघतो आहे. अंगणात मोहाचं झाड आहे. बाकीच्या गावांतली पोरं मांडी घालून, डोलत डोलत कविता पाठ करतात. आमच्या शाळेत पुस्तकं आत ठेवायची आणि अंगणात एकामागे एक उभं राहायचं. तुम्ही ओसरीच्या खांबाला टेकून उभे आहात. खाकी सदरा, पांढरा पायजमा, डाव्या मनगटावर कातडी पट्ट्याचं घड्याळ. उजव्या हातात बांबूची काठी. तुम्ही घड्याळाकडे बघता, काठी खांबावर पडते, टक, टक, टक, आणि आमच्या चाळीस अनवाणी पायांची रांग मोहाच्या झाडाभोवती फिरू लागते. एका ओळीला चार पावलं. ओळीतली यती, थांबायची जागा, आली की श्वास घ्यायचा, पाय थांबवायचा नाही. "पोट्टेहो, कविता डोक्यात नका ठेवू, डोक्यातलं उडून जाते," तुम्ही ओरडताय, "पायात उतरू द्या!" मधेच कोणी चुकला की तुम्ही त्याला मारत नव्हता. काठी थांबायची. सगळी रांग थांबायची. त्या शांततेत चुकलेल्याला जे वाटायचं, ते मारापेक्षा वाईट असायचं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून.

पुढे धानाच्या फार्मवर नोकरी लागली तेव्हा वाफ्यांच्या कडेनं चालत, वाणांच्या नावांच्या पाट्या रंगवत, मी तुमच्या सगळ्या कविता वर्षानुवर्षं चालत राहिलो. सोबतचे मजूर म्हणायचे, हे भाऊ धानाशी बोलतात.

आणि शनिवारी सकाळची शाळा सुटण्याआधी तुम्ही त्या जनरलची गोष्ट सांगायचे. नातीला ती सगळी सांगितली, तुमच्याच शब्दांत. तुम्ही तरुणपणी आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोत सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानं खुणा मारायचात. एक ठेकेदार तुम्हाला तेच काम करायला ब्रह्मदेशात घेऊन गेला. महायुद्धात जपानी तिकडे घुसले तसा ठेकेदार पळाला, आणि तुम्ही चालत भारताकडे निघालात. वाटेत एक टोळी भेटली. तिला सामान वाहणारा माणूस हवा होता. टोळीचा म्होरक्या होता अमेरिकेचा जनरल.

"साठीले टेकलेला म्हातारा होता तो," तुम्ही सांगताय. "हाडकुळा. डोळ्याले चष्मा, डोक्यावर जुनीपुरानी टोपी. अमेरिकेनं त्याले चीनवर राज्य करणाऱ्या मोठ्या मालकाकडे पाठवलं होतं, तिथल्या फौजेले मदत कराले. ब्रह्मदेशात जी चिनी फौज लढून राह्यली होती, तिचा हाच जनरल. तिकडे जपान्यायकडून मार खाल्ला. त्याले न्याले विमान आलं, समजलं का? त्यानं आपले बरेच लोक विमानात बसवून दिले अन् स्वतः राह्यला. म्हणे, मी चालत येतो."

"काऊन जी नाई गेला?" टेलरचा पोरगा विचारतो.

"फौज खालते अन् जनरल वरते, कसं दिसन रे ते?"

आम्ही हसतो. मग तुम्ही चालून दाखवता. पाठ ताठ, नजर समोर, हातातल्या घड्याळाकडे एक डोळा. जोरात जायचं नाही, हळू जायचं नाही. मागे शंभरावर माणसं, नर्सबाया, स्वयंपाकी, आजारी, आणि तुम्ही पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन. नदी आली तेव्हा बांबूचे तराफे. त्यांच्या गाठी सुटायच्या आणि तुम्ही, वैनगंगेकाठचा माणूस, त्या पुन्हा आवळायचात. शेवटी डोंगर. पावसाळा पुरता सुरू व्हायच्या आत सगळे इम्फाळला पोचले आणि वाटेत एकही माणूस दगावला नाही.

"बाहेर आल्यावर त्यानं काय केलं ते ऐका," तुम्ही म्हणायचे, आणि इथं तुमचा चेहरा फुलायचा. जनरल दिल्लीला गेला, पेपरवाल्यांपुढे उभा राहिला आणि सरळ सांगून टाकलं, की आम्ही सपाटून मार खाल्ला, लाजिरवाणा मार खाल्ला. का खाल्ला ते शोधू आणि परत जाऊ. "एवढा मोठा जनरल, पण कारणं नाई सांगतली! सबबी नाई सांगतल्या!" मग त्यानं बिहारात रामगडला छावणी घातली, विमानं भरभरून चिनी पोरं तिथं आणली, त्यांना पायात घालायला जोडे दिले, पोटभर भात दिला, लढायला शिकवलं आणि त्याच जंगलातून त्यांना परत घेऊन गेला. "त्याले चिनी बोलता येत होतं, वाचता येत होतं. शिपाई उपाशी दिसला तं तो तिथल्या मालकाशी भांडे. अन् ते शिपाई कोण होते? धान रोवणारे पोट्टे. भातखाऊ. आपल्यासारखे."

एकाच ठिकाणी तुमचा आवाज खाली जायचा. "आम्ही शंभर जण बाहेर आलो," तुम्ही म्हणायचे. "त्याचे हजारो शिपाई दुसऱ्या वाटायनं मागं राह्यले. जंगलात मेले." इथंच गोष्ट संपायची आणि शाळा सुटायची.

नातीनं हे ऐकलं आणि मोबाइल उघडला. मी म्हटलं, काही सापडायचं नाही बेटा, खेड्यातल्या मास्तरची गोष्ट आहे. ती वाचत गेली, इंग्रजीत वाचायची आणि मला आपल्या बोलीत सांगायची. टोपी आहे, आबाजी. चष्मा आहे. विमान नाकारलं, आहे. नर्सबाया आहेत, तराफे आहेत. चिनी येत होतं त्याला, आहे. रामगड आहे! मी खुर्चीतून उठलो. त्या चीनच्या मालकाशी भांडण विकोपाला गेलं आणि अमेरिकेनं त्याला माघारी बोलावलं, हेही होतं. लढाई संपली आणि पुढच्याच वर्षी तो वारला, हेही. तो फार तिखट जिभेचा आणि हेकट होता, त्याच्या हट्टापायी शिपायांचे जीव गेले, असं काही लोक म्हणतात, तेही तिनं वाचलं. तुमचा आवाज जिथं खाली जायचा, ती जागा त्या लिखाणातही होती. आणि मग ती थांबली. स्क्रीनवर बोट ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं.

"आबाजी, तो कसा चाले ते लिहिलं आहे इथी. मिनिटाले एकशे पाच पावलं."

गुरुजी, तुम्ही हा आकडा आम्हाला कधीच सांगितला नव्हता! कधीच नाही. मी रात्रभर आठवून पाहिलं, टेलरलाही विचारलं. तुम्ही फक्त घड्याळ बघायचे आणि काठी आपटायचे. जनरलच्या पायातून तुमच्या पायात, तुमच्या काठीतून आमच्या पायात. नातीनं आकडा मोजला तेव्हा तो कुठं छापलेला आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ज्यानं छापला त्याला आम्ही ठाऊक नव्हतो. साठ वर्षं तुमचा पुरावा आम्ही दोघं पायात घेऊन या पाळीवर हिंडत होतो! मला ओरडावंसं वाटलं. ओरडलोच. सून स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी पडलो.

आता पुढचं लिहायचं तर मला थोडं पाणी प्यायला हवं. प्यायलो.

हिमालयात चीनशी लढाई झाली तो हिवाळा. खळ्यांवर धान चुरणं, मळणी, चालू आहे. गावातल्या रेडिओभोवती मोठी माणसं गोळा होतात, आम्ही पोरं बांबूच्या बंदुका करून चिनी मारतो. आणि एक दिवस तपासणीला साहेब येतात. गावातल्या कोणीतरी अर्ज केला होता, की मास्तर पोरांना शिकवत नाही, नुसता गोल फिरवतो आणि चिन्यांच्या गोष्टी सांगतो. साहेबांनी आम्हाला वर्गात रांगेनं उभं केलं. "कविता म्हणा. सरळ उभे राहा, पाय हलवू नका."

झालं! चाळीस पायांना बेड्या पडल्या. पहिल्या पोरानं नदीच्या कवितेची एक ओळ म्हटली आणि दुसरी त्याच्या गळ्यातच राहिली. दुसरा अर्ध्या ओळीत अडला. तिसऱ्याचा गुडघा आपोआप वर आला, साहेब खेकसले, गुडघा खाली आला आणि कविताही खाली बसली. ज्यांना एकेक तास न थांबता कविता म्हणता यायच्या ती पोरं आ वासून उभी होती. तुम्ही भिंतीपाशी होता. तुमच्या हातात काठी नव्हती.

"यांना काहीच येत नाही!" साहेब म्हणाले.

"येते साहेब," टेलर कळवळून बोलला, "पण चालल्याशिवाय येत नाई."

"का चालायचं? कोणासाठी?"

"चीनच्या जनरलसाठी, साहेब!"

बारा वर्षांचं पोरगं. आम्ही सगळे त्या जनरलला चीनचाच म्हणायचो, कारण फौज चिनी म्हणजे जनरल चीनचा, आमचं गणित साधं होतं. अमेरिका कुठं आहे ते कोणाला माहीत होतं? पण त्या हिवाळ्यात भरवर्गात तो शब्द पडला आणि साहेबांच्या हातातलं पेन थांबलं.

मग माझी पाळी आली. मी सरळ उभा राहिलो आणि सगळी कविता म्हटली, एकही ओळ न चुकता. साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं तुम्ही दार लोटलंत, तुमच्या हातात साहेबांसाठी पाण्याचा लोटा होता, आणि त्याच क्षणी मी म्हणत होतो, "खोटं आहे साहेब. गुरुजी थापा मारतात." तुम्ही लोटा टेबलावर ठेवला. म्हणालात, "पाणी घ्या साहेब." आणि गेलात.

महिनाभरात तुमची बदली झाली, धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलात. मुलांना खोट्यानाट्या गोष्टी सांगतो, असा शेरा माझ्या साक्षीनं पडल्याचं गावात कळलं. बापानं मला विचारलं, "काऊन बोलला रे तसं? मी त्याच्यासंगं दीक्षेच्या वक्ती नागपूरले पायी गेलो. त्याची चाल पाह्यली आहे मी. तो माणूस खोटा नाई." मी तयारच होतो. मी म्हटलं, "त्यायले वाचवाले बोललो. साहेब दरडावून राह्यले होते. गोष्ट खरी म्हटली असती तं चिन्यायचा माणूस म्हणून पोलिसात दिलं असतं." बापानं माझ्या पाठीवर हात ठेवला. गावभर झालं, की पोरानं प्रसंगावधान राखून मास्तरला वाचवलं. टेलरनं तेव्हापासून मान खाली घातली ती घातलीच. त्याच्या जिभेनं घात केला आणि माझ्या जिभेनं निभावून नेलं, असा गावाचा हिशेब ठरला.

निघायच्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात ही वही. प्रत्येक ओळीखाली डावं-उजवं पाऊल दाखवणाऱ्या तुमच्या बारीक खुणा. मी दाराआड उभा होतो. वही माझ्या हातात देऊन तुम्ही हळूच म्हणालात, "कविता म्हणताना पायाचा अंगठा हलवत होता तू. मले दिसला." एवढंच. रागावला नाहीत, हसला नाहीत. धानोऱ्याच्या वाटेला लागलात, त्याच चालीनं.

खरं आहे. साहेबांना दिसला नाही, पण अख्खी कविता मी अंगठ्यावर चाललो होतो.

पुढे एकदा मी तुम्हाला पाहिलं. मार्कंड्याच्या जत्रेत. मला नुकती नोकरी लागली होती. वैनगंगेच्या वाळूवरून तुम्ही चालला होता, केस पांढरे झालेले, आणि मागे वीस-पंचवीस गोंडांची पोरं एका रांगेत, एका पावलात. पोरं काहीतरी म्हणत होती. शब्द गोंडी होते, मला कळले नाहीत, पण ओळीला पावलं चारच होती. मी बांगड्यांच्या दुकानामागे लपलो. तुमची रांग लांब जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

तर काल सकाळी पाळीवर मी टेलरला तो आकडा सांगितला. मी अक्षरशः धावत गेलो, या वयात. तो आधी खो खो हसला, मला मिठी मारली, मग पाळीवरच्या दगडावर बसला आणि रडायला लागला.

"मले माहीत होतं गा खरं आहे. गुरुजी खोटं बोलतच नव्हते. तू थापा म्हणाला ते त्यायले वाचवाले, अन् मी येडा. चीनचा म्हटलं. माह्या तोंडून अमेरिकेचा निघालं असतं तं गुरुजी इथंच राह्यले असते. माह्यामुळं गेले ते जंगलात."

"नाई रे," मी म्हणालो.

"नाई काय? साठ वर्षं झाले, रोज चालतो अन् रोज माफी मांगतो त्यायची. तुले काय समजन? तू तं वाचवलं."

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. दोघांचे पाय स्थिर होते. आणि माझ्या तोंडून काही म्हणजे काही निघालं नाही. त्या वर्गातल्या पोरांसारखा आ वासून बसलो.

म्हणून गुरुजी, तुम्ही लोटा घेऊन दारात पोचायच्या आधी त्या खोलीत काय झालं, ते आता लिहितो. आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. साहेब दरडावत नव्हते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, आपल्या शेजारी. त्यांनी विचारलं, हा चीनचा जनरल कोण, आणि मी तो अमेरिकेचा होता हे सांगितलं, सगळी गोष्ट सांगितली, आणि ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "तुझे गुरुजी खरंच त्या सेनापतीबरोबर चालले असतील, तर ही फार मोठी गोष्ट आहे. असा माणूस या शाळेत आहे हे मी वर लिहून कळवीन. तू हुशार मुलगा आहेस. तुला काय वाटतं, हे खरं असेल?"

नुसतं हो म्हणायचं होतं. पण साहेब मला हुशार म्हणाले होते. कडक इस्त्रीचे कपडे, अत्तराचा वास, आणि तो हात माझ्या डोक्यावर. मला वाटलं, हुशार मुलं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नसतील. साहेब मला पारखून बघत असतील. जंगलातला लाकडावर खुणा मारणारा माणूस आणि अमेरिकेचा जनरल, छे. त्या क्षणी माझा तुमच्यावर विश्वास नव्हता, गुरुजी. तुम्हाला वाचवायचं माझ्या मनातही आलं नाही. ते मी बापापुढे उभा राहिल्यावर रचलं, आणि मग माझ्यापेक्षा गावानंच ते जास्त जपलं. टेलरच्या शब्दानं काहीही बिघडलं नव्हतं. साहेबांना तो कळला होता, मीच समजावून सांगितला होता. बदली माझ्या एका शब्दानं झाली.

जनरलनं पेपरवाल्यांपुढे उभं राहून मार खाल्ला म्हणून सांगितलं, ते तुम्ही इतक्या वेळा का सांगायचे, हे मला आज कळतं. मला उभं राहून जमणार नाही. कालच बघितलं ना. पण उद्या सकाळी टेलर पाळीवर येईल. मी त्याला बसू देणार नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या शेजारून चालेन, एकशे पाचनं, आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागेन. मधेच श्वास घेईन, पाय थांबवणार नाही. तो थांबला तर काय होईल ते माहीत नाही. किंवा कदाचित मला सोडून एकटाच पुढे जाईल. त्याचा हक्क आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. वही पुन्हा पेटीत जाईल. एक मात्र खरं, टेबलाखाली माझा अंगठा पहिल्या ओळीपासून हलतो आहे. तुम्हाला दिसला असेल.